नापास वाफ्यावरची हिरवळ

मेश्राम साहेब, तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले आणि मी अजून धड रडलेले नाही. भांडणांतून सवड मिळेल तेव्हा रडेन. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, आधी भांडण उरका, रडणं कुठं पळून जात नाही." तेच करते आहे.

रविवारी संस्थेनं तुमची शोकसभा घेतली. वाघोलीच्या पुढे आपल्या प्रात्यक्षिक शेतावरच घेतली, जिथे निवृत्त झाल्यावर तुम्ही आणि मी नऊ वर्षं शेतकऱ्यांना सुधारलेली शेती करून दाखवली. मांडव होता, खुर्च्यांना पांढरी वस्त्रं चढवली होती. तुमच्या फोटोला घातलेला हार प्लास्टिकच्या फुलांचा होता. दहा पावलांवर झेंडूच्या दोन ओळी फुलून उभ्या होत्या, पण त्या तोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हार मी काढला आणि टेबलाखाली टाकला. सचिवांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या कलेत ते तरबेज आहेत.

खुर्च्या कुठे मांडल्या होत्या सांगू? नापास वाफ्यावर. तिथे आता हिरवळ आहे. विकतची, गुंडाळून आणलेली, चटईसारखी अंथरलेली. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं त्याला कारण मी आहे, पण त्यावर नंतर येते. आधी बाकीच्यांचं उरकू दे.

सचिव तुम्हाला 'कृषिऋषी' म्हणाले. तीनदा म्हणाले. तुम्ही चष्मा पुसत विचारलं असतंत, "ऋषींनी किती एकर नांगरले होते हो?" मला ते लगेच सुचलं, आणि शेजारी वळून सांगावं म्हटलं तर शेजारी तुम्ही नाही. नऊ वर्षं प्रत्येक कंटाळवाण्या भाषणात आपण शेजारी बसलो आणि वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला तुमची एक पुरवणी मी ऐकली. आता नुसती भाषणं ऐकायची, साहेब. शिक्षाच आहे.

दुसरे वक्ते त्याहून वरताण. "तशा समाजातून येऊनही साहेबांनी शेतीचं केवढं ज्ञान मिळवलं!" म्हणाले आणि टाळी घेतली. मी शनिवार पेठेत वाढले. आमच्याकडे भाजी नासली तर चालते, व्याकरण नासलेलं चालत नाही. त्या 'येऊनही'मधल्या एका 'ही'त त्या माणसानं काय काय भरलं होतं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. आधी मान खाली गेली आणि मग संताप आला. तुमचं ज्ञान तिथून येऊनही आलेलं नव्हतं. ते तिथूनच आलेलं होतं. तुमच्या वडिलांनी भंडाऱ्याकडच्या एका गावात तीस वर्षं सालदारकी केली, म्हणजे वर्षाच्या करारावर दुसऱ्याचं शेत कसलं. कोणत्या बांधाजवळ पाणी मुरतं, कोणत्या तुकड्यात धान पिवळं पडतं, हे मालकाला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. हे मला तुम्हीच सांगितलंत, शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बिनसाखरेचा चहा पिताना. आणि वडिलांचं एक वाक्यही सांगितलंत. "पीक मालकाचं, चूक सालदाराची." पीक आलं की मालकाचा हात चांगला, बुडालं की सालदारानं खाल्लं. तुम्ही हसत सांगितलं होतंत. मी हसले नव्हते. एवढं एक तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

तर आपलं शेत. संस्थेला कुणा दात्यानं जमीन दिली, आणि संस्थेनं तुम्हाला म्हटलं, इथे आदर्श शेत उभं करा. तुम्ही मला बोलावलंत, कारण मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवली होती आणि, तुमच्याच शब्दांत, "फुकट येणारी दुसरी कुणी मिळाली नाही." पहिल्या वर्षी आपण काय मिरवलो हो! उंच गादीवाफे, ठिबक, त्यावर माती झाकणारा चंदेरी मल्चिंगचा कागद, आणि हाताएवढे टोमॅटो. आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला यायची. शेजारी इमारतींची कामं चाललेली, सिमेंटची धूळ पानांवर बसायची, तरी आपला प्लॉट उठून दिसायचा. फोटो निघाले. सचिव दर पंधरवड्याला कुणा ना कुणा पाहुण्याला घेऊन येऊ लागले.

आणि मग हौसाबाई आली.

तिचं रान आपल्यापासून दोनच मैलांवर. नवरा कंपनीत वॉचमन, शेत ती एकटी बघायची. आपला टोमॅटो पाहून तिनं तसाच कागद अंथरला, तसंच ठिबक टाकलं, तशीच रोपं आणली. सव्वा महिन्यात सगळं रोप मुळातून कुजलं. एके सकाळी ती तडक शेतावर आली. शिवारफेरी चालली होती, म्हणजे पंधरावीस शेतकरी तुमच्या मागून प्लॉट बघत चालले होते, त्यांच्यासमोर तिनं मेलेली दोन रोपं तुमच्या पायाशी टाकली.

"हे बगा तुमचं आदर्श! तुमच्या शेतात देव बी नोकरीला हाय, साहेब. चोवीस तास लाईट, तीन गडी, वर ह्या बाई माती बघायला. आमच्याकडं काय हाय? आन् सांगताना म्हनं चालंल, चालंल! पोरीच्या शाळंची फी घातली म्या त्यात."

तुम्ही रोपं उचललीत, मुळं बोटांनी चोळून पाहिलीत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "माझी चूक आहे, ताई. तुमची माती बघितल्याशिवाय सांगितलं." ती आणखी भडकली. माणूस भांडायला येतो आणि समोरचा चूक कबूल करतो, तेव्हा रागाला जागाच उरत नाही, तो आणखी पेटतो. ती बोलत राहिली, तुम्ही ऐकत राहिलात. मी शेडच्या दारात नोंदवही धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही शेताच्या खालच्या, फाटकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचायचं आणि काळी चिकण माती होती, तिथे चार गुंठे आखलेत आणि टोमॅटो हौसाबाईनं लावला होता तसाच लावलात. मरणार हे ठाऊक असताना. सचिवांना वाटलं, वयाचा परिणाम. मला वाटलं, हट्टाचा. रोपं यथावकाश माना टाकू लागली. पुढच्या फेरीत एका म्हाताऱ्यानं काठीनं तो तुकडा दाखवून विचारलं, "ह्यो नापास झाला व्हय?" तुम्ही इतके खूश झालात की त्याला तुमच्यातला अर्धा चहा दिलात. त्या दिवसापासून तो 'नापास वाफा'. पाटी तुम्ही स्वतः रंगवलीत. 'टोमॅटो. माती न पाहता सल्ला दिला. चूक: मेश्राम.'

पुढे दर हंगामात त्या वाफ्यात त्या वर्षीची चूक लावायची, असा तुमचा नियमच झाला. कुणी कांद्याला पाट भरून पाणी दिलं आणि कांदा सडला, तर आपणही तस्संच द्यायचं. कुणी भेंडीला युरिया ओतला, आपणही ओतायचा. बाकी शेतात पास झालेलं पीक, आणि कोपऱ्यात पिवळं, किडकं, वाकडं. लोक पहिल्यांदा हसले. मग व्हायला लागलं असं की फाटकातून आत येताच बायका म्हणायच्या, "आधी नापासाकडं चला." तिथे उकिडव्या बसून त्या पानं उलटीपालटी करायच्या, आणि तिथेच त्या बोलायच्या. आदर्श प्लॉटपुढे कुणी तोंड उघडत नव्हतं, तिथे फक्त माना डोलायच्या. नापासापुढे मात्र एकजण हळूच म्हणायची, "माझ्यात बी आसंच झालंय." मग दुसरी. मग तुम्हाला लिहायला कागद पुरायचा नाही. शिकणं असं असतं हे माझ्या प्रयोगशाळेत मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्या वाफ्याच्या विरुद्ध होते, हे विसरू नका. तुम्ही मेलात म्हणून मी माझं मत बदललेलं नाही, म्हणजे पूर्ण बदललेलं नाही. चांगली चार गुंठे जमीन मुद्दाम वाईट पिकवायची, हे मला अजून खुपतं. रोप मरताना पाहवत नाही. वीज हा तर आपला जन्माचा वाद. हौसाबाईचं 'देव नोकरीला' तुम्हाला इतकं लागलं की तुम्ही संस्थेची चोवीस तासांची लाईन पंपावरून काढून टाकलीत. शेतकऱ्याला मिळते तेवढीच वीज आपल्याला, ती येईल तेव्हाच पाणी. एका उन्हाळ्यात डीपी जळला, चार दिवस वीज नाही. शेजारच्या कॉलेजनं पाइप देऊ केला, तुम्ही नाही म्हणालात. वांगी डोळ्यांदेखत सुकत होती. मी म्हटलं, "तत्त्व तुमचं आणि जीव वांग्याचा, हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "हौसाबाईच्या वांग्याला कॉलेज पाइप देणार आहे का?" मी जास्तच चिडले. तुम्ही जेवायला बसलात तसं मी शेडमागच्या पिंपातून बारा बादल्या पाणी त्या वांग्यांना घातलं. या वयात, साडी खोचून.

तुम्ही आलात, वाकलात, मातीत बोट खुपसलंत.

"हे पाणी कोणत्या लाईनचं, बाई?"

मी खोचलेली साडी सोडू लागले. मग तुम्ही तुमच्या गावच्या बोलीत गेलात. तुम्ही खरे रागावलात की तसं व्हायचं. "असं कायले करून राहिले तुमी? लोकाईले खोटं दाखवाचं काय आपुन?" आणि दुसऱ्या दिवशी त्या वाफ्याला पाटी! 'या वांग्यांना एकदा बाईंच्या बादलीचं पाणी मिळालं आहे. उत्पन्न त्या हिशेबानं बघावं.' सबंध शिवारात माझी शोभा. बायका मला विचारायच्या, "बाई, आमच्याकडं बी येता का बादली घिऊन?" आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, कारण तुम्ही त्या आठवड्यात गवारीवरची माव्याची कीड मोजत होतात.

आता खरं सांगते. बारा बादल्यांची चूक तुम्ही माझ्या नावानं पाटीवर लिहिलीत. आणि जी पहिली, मोठी चूक होती, जिच्यात एका मुलीची शाळेची फी कुजली, ती तुमच्या नावानं लिहिलीत. ती तुमची नव्हती.

पहिल्या वर्षी हौसाबाई टोमॅटो बघून विचारायला आली, "आमच्या रानात चालंल का हे?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "मातीचं काय, बाई? बघून यायचं का?" मला दुपारची एक-दहाची बस गाठायची होती. ती चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, आणि घरी भाऊ-भावजय जेवायला यायची होती. मी पर्स खांद्याला लावत म्हटलं, "अहो, एकाच शिवारातली माती, वेगळी ती काय असणार?" आयुष्यभर माती तपासलेली बाई! बांध ओलांडला की माती बदलते, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवत असे. तुम्ही माझ्या शब्दावर तिला सांगितलंत, "चालेल." माझी बस मिळाली. बसायला जागाही मिळाली.

मग ती रोपं घेऊन आली त्या दिवशी तुम्ही 'माझी चूक' म्हणालात आणि मी शेडच्या दारात उभी राहिले. संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "साहेब, ते मी..." तुम्ही म्हणालात, "राहू द्या. सांगितलं मी, तर चूक माझी." आणि विषय चुन्याच्या निवळीकडे नेलात. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं. पुढची सगळी वर्षं त्या वाफ्यात चुका बदलत गेल्या, पण कोपऱ्यात ती पहिली पाटी तुम्ही तशीच ठेवलीत, दरवर्षी रंग देऊन. प्रत्येक फेरीत तुम्ही ती वाचून दाखवायचात आणि लोक म्हणायचे, केवढा मोठा माणूस, स्वतःची चूक सांगतो. मी शेजारी उभी असायचे. वडिलांचं वाक्य तुम्ही मला सांगितलेलं होतं, साहेब. चूक सालदाराची. तुम्ही शिकलात, शेती खात्यात अधिकारी झालात, वडिलांच्या त्या वाक्यातून बाहेर पडलात, आणि निवृत्तीनंतर मी, शनिवार पेठेतली सुशिक्षित बाई, तुम्हाला पुन्हा त्यात नेऊन बसवलं. एका बससाठी.

हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणणार होते. दवाखान्यात म्हणणार होते.

दवाखान्यात काय झालं ते ऐका आता. तुम्हाला दाखल केलं त्याच आठवड्यात संस्थेची बैठक झाली. एका कंपनीचे लोक देणगी द्यायच्या आधी शेत बघायला येणार होते. सचिव म्हणाले, फाटकातून शिरताच ते पिवळं, मेलेलं दिसतं, फोटो वाईट येतात, तिथे हिरवळ करू. मी म्हटलं, "साहेब बरे होऊन येईपर्यंत थांबा." किती हळू म्हटलं ते मला ठाऊक आहे. एरवी माझा आवाज शेडमधून रस्त्यापर्यंत जातो. इतिवृत्तात लिहिलं गेलं 'सर्वानुमते', आणि त्याखाली माझी सही आहे. तीन दिवसांत कांद्याचा नापास वाफा नांगरला, तुमच्या पाट्या शेडमागे टाकल्या आणि हिरवळीच्या गुंडाळ्या ट्रकमधून उतरल्या.

तुम्ही नळ्या लावलेल्या अवस्थेत विचारलंत, "नापास काय म्हणतो?" मी म्हटलं, "छान पिवळा पडलाय." किती समाधान तुमच्या तोंडावर! "शेंडे करपले का?" विचारलंत. मी म्हटलं, "हो, शेंडेसुद्धा." तुम्ही डोळे मिटून हसलात. मेलेल्या पिकाची खोटी बातमी देऊन मी तुम्हाला आनंदात पाठवलं. असं पाप माझ्याशिवाय कुणाला जमलं असतं असं वाटत नाही.

रविवारी मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. सचिवांनी आधीच कानात सांगितलं, "बाई, जरा हृद्य आठवणी वगैरे." समोर पहिल्या रांगेत पाहुणे, मागे शेतकरी, आणि त्यांत हौसाबाई. तिची मुलगी आता नर्सिंग करते म्हणे. मी माईक धरला आणि ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "ज्या हिरवळीवर आपण बसलोय तिच्याखाली साहेबांचा नापास वाफा आहे. तो बुजवायला माझी सही आहे. आणि त्या वाफ्याची पहिली पाटी खोटी होती. चूक मेश्राम साहेबांची नव्हती. माती न बघता सांगितलं ते मी. मला बस गाठायची होती." एवढंच बोलले. पाच मिनिटांतलं एक वापरलं.

मग हौसाबाई उठली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या बाई. माणसं शोकसभेत असंच म्हणतात. ती म्हणाली,

"म्या सा म्हयने त्या मान्साला रोज सकाळी उठून शिव्या घातल्या. चूल पेटवताना. त्येच्या आईबापाचा बी उद्धार केला. त्या तुमच्या व्हत्या?"

मी म्हटलं, "हो."

"मग तवाच बोलला का न्हाय?"

सचिव उठून म्हणाले, हा प्रसंग नाही, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया. हौसाबाई म्हणाली, "हुबं ऱ्हातो की. पर आधी हे सांगा, नापास कुटं गेला? पास झालेलं बघाया आमी कशाला यावं? त्ये तर पेपरात बी येतं. नापास न्हाय तर आमी बी न्हाय तुमच्या फेरीला." मागून चारपाच बायकांनी "व्हय, व्हय" केलं. आणि मग सगळेच उभे राहिले, स्तब्ध. साहेब, तुमच्यासाठी त्या हिरवळीवर उभं राहून शेतकरी रागानं धुमसत होते. एवढी चांगली शोकसभा पुण्यात क्वचित होते.

कंपनीच्या लोकांना शेतकरी दाखवायचे आहेत, आणि शेतकरी येणार नाहीत म्हटल्यावर सचिवांना तत्त्वं सुचली. चार गुंठ्यांतला एक गुंठा 'प्रयोगासाठी' परत मिळाला. बाकी तीन गुंठे हिरवळ, त्यावर तुमच्या नावाचा दगड. दगडावर 'कृषिऋषी' असणार. त्याच्याशी मी भांडतेच आहे, काळजी करू नका.

मंगळवारी सकाळी आम्ही तो गुंठा मोकळा केला. हौसाबाई कुदळ घेऊन आली, आणखी दोघी आल्या. हिरवळ चटईसारखी उचलली गेली. खाली तुमची काळी माती तशीच चिकट, ओली. दोघी चहाला शेडकडे गेल्या तेव्हा मी हौसाबाईजवळ बसले. गुडघे दुखत होते तरी बसले. म्हटलं, "हौसाबाई, त्या शिव्या मला द्या. माझ्या आहेत त्या. सहा महिन्यांच्या नका, आठवतील तेवढ्या द्या."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेड लागल्यासारखं बोलते आहे. मग मातीचं ढेकूळ फोडत म्हणाली, "आता कुटनं देऊ, बाई? तवाचा राग तवा. त्येला दिल्या, त्येनं मान खाली घालून घेतल्या, येकदा बी परत न्हाय केल्या. ज्येनं घेतल्या त्येच्या झाल्या. तुमाला आता न्हाय मिळायच्या."

आणि ती उठून चहाला गेली.

मी तिथेच बसून राहिले, साहेब, आणि तेव्हा मला तुमचा राग आला. सचिवांचा नाही, त्या 'येऊनही'वाल्याचा नाही, तुमचा. माझं ओझं उचलायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला विचारलंत का? मी भित्री होते हे मान्य, पण इतकी वर्षं तुम्ही मला भित्री राहू दिलंत. बादलीची पाटी लावलीत तशी तीही लावायची होती. मी आठवडाभर अबोला धरला असता, फार तर महिनाभर. शिव्या खाल्ल्या असत्या, आणि पुढच्या फेरीत हौसाबाईच्या डोळ्याला डोळा देऊन तिच्या रानातली माती तपासली असती. "चूक बाईंची," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? दोन शब्दांचं तर काम होतं.